एकाच फुलाचे दोन फोटो

मंडळी, आपल्या फोटोग्राफी कम्युनिटीवर सरांच्या ज्या ऑर्किडच्या फोटोला संध्याकाळपासून 'वा वा' चाललीय, तो आज सकाळी माझ्यासमोर निघाला.

पेठच्या घाटात ते एकच फूल होतं. सर चिखलात पालथे पडून अर्धा तास फोटो काढत होते. मला म्हणाले, "थांब, तुझा नंबर नंतर."

मी लेन्स बदलेपर्यंत ते उठले, फुलावर बूट ठेवला आणि टाच फिरवली.

"अहो सर, हे काय?"

"स्पर्धा आहे ना? आता हे फूल दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. चल, मिसळ खाऊ."

तुम्ही त्यांना भरभरून मतं दिलीत. माझ्याकडेही त्याच फुलाचा फोटो आहे, नंतरचा. टाकू स्पर्धेत? द्याल मत?