नुसत्या गोंगाटात ऐकू आलेलं वाक्य

३ मार्च. नळ सोडून मी पिंप घासत होते. आतल्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, "काहून वं, चहा नाही मांडला अजून?" त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. मी नळ बंद केला. आवाजही थांबला.

हे मी कोणाला सांगितलं नसतं. पण त्याच आठवड्यात ओमती या हिंदी बोलणाऱ्या वस्तीतल्या आमच्या औषधाच्या दुकानात मी एका गिऱ्हाइकाला भलतीच गोळी दिली. बाहेर ऑटोंचा गलका होता, तरी त्याचं बोलणं मला स्वच्छ ऐकू आलं होतं. त्याच्या घरी त्याच्या सुनेने गोळ्यांच्या पट्टीवरचं नाव वाचलं म्हणून निभावलं.

"आता तू काउंटरवर नको बसू," हे म्हणाले. दुकान माझ्या परवान्यावर चालतं. मी कानाच्या डॉक्टरांकडे गेले.

आधी ऑडिओमेट्री झाली. म्हणजे बंद खोलीत बारीक शिट्ट्या ऐकून बटण दाबायचं. रिपोर्ट नॉर्मल. "मग डोक्याचा डॉक्टर पाहू," हे म्हणाले. बोलणं थट्टेचं होतं, चेहरा नव्हता.

मग स्पीच इन नॉइज टेस्ट. हेडफोनमध्ये बाजाराचा गोंगाट लावतात, त्यात कोणी एक वाक्य बोलतं, ते आपण जसंच्या तसं म्हणायचं. गोंगाट वाढवत नेतात. तपासणारी मुलगी सुरुवातीपासूनच फुल्या मारत होती. शेवटी मागे बसलेले हे उठले. "बेटा, सही तो बोल रही है. मराठी में बोल रही है."

हिंदी वाक्य ऐकून मी "पोरगं गच्चीवर खेळून राहिलं" म्हणत होते. मला पत्ताच नव्हता.

मुलगी हसली. "आंटी, हिंदी में ही दोहराइए."

पुन्हा सुरुवात. गोंगाट वाढला तशी वाक्यं तुटायला लागली. मग एक पूर्ण ऐकू आलं. मी म्हणून दाखवलं, "काहून वं, चहा नाही मांडला अजून?"

मुलीने हात थांबवला. "आंटी, इस बार मैंने सिर्फ़ शोर चलाया था."

ह्यांनी खाली पाहिलं. त्यांच्या आईचं बोलणं त्यांनी ओळखलं होतं.

डॉक्टर म्हणाले, हे वेड नाही. शिट्टी ऐकणं वेगळं आणि गर्दीतून बोलणं निवडून काढणं वेगळं. गोंगाटात तुमच्या मेंदूकडे अर्धवट बोलणं पोचतं. उरलेलं तो ओळखीच्या आवाजाने भरतो, आणि भरलेलं खऱ्यासारखंच ऐकू येतं. मी विचारलं, काउंटरवर बसू का? "बसा. पण नुसत्या कानावर औषध देऊ नका."

तुमच्या घरी कोणाला शांततेत सगळं कळत असेल आणि गर्दीत नाही, तर ही तपासणी मागून घ्या. साध्या रिपोर्टवर थांबू नका. आणि त्या माणसाला वेड्यात काढू नका.

आम्ही स्कूटरवरून घरी निघालो. वाटेत चेरीताल आल्यावर हे एवढंच म्हणाले, "मला कधी ऐकू नाही येत ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान मी उघडलं. पहिल्याच म्हातारीने गोळीचं नाव सांगितलं, मागून ट्रक गेला. तरी मला अक्षर न् अक्षर ऐकू आलं. तिथेच माझा हात थांबला.

"अम्मा, पुरानी पट्टी दिखाओ," मी म्हटलं, आणि तिने पिशवीतून पट्टी काढेपर्यंत कपाटाला हात लावला नाही.