फेसात हरवलेली टकटक

तळाला गेलेली मोटर बुडी मारून काढणारा माणूस आमच्याकडे कधी एकटा विहिरीत उतरत नाही. वर एक ऐकणारा लागतो. तो शेवटच्या पायरीवर कमरेइतक्या पाण्यात बसतो आणि मान कलती करून एक कान पाण्यात बुडवून ठेवतो. खालच्या माणसाच्या हातात दोन गोटे असतात. एकदा वाजवले की सगळं ठीक. दोनदा वाजवले की मोटरीला दोर बांधलाय, ओढा. आणि न थांबता वाजवत राहिला तर तो अडकलाय, खाली या. पाण्यातून ही टकटक इतकी स्वच्छ येते की कुणी कानाशीच वाजवतंय असं वाटतं.

माझे धाकटे काका वडवणीपासून तेलगावपर्यंतच्या विहिरींतून मोटरी काढायचे. मी बीडला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, पण सुट्टीत गावी आलो की त्यांचा ऐकणारा मीच. "पान्यातला आवाज आमच्या सायन्सवाल्यालाच कळतोय," असं ते चारचौघांत म्हणायचे. वर वर मी लाजायचो, पण मला ते फार आवडायचं.

दोन उन्हाळ्यांपूर्वी आमच्याच विहिरीतली मोटर दोर तुटून तळाला गेली. पाणी तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं होतं. आमच्या बोअरची धार बारीक आहे, म्हणून तिचं पाणी आधी विहिरीत सोडायचं, साठवायचं आणि मग तिथून रानात न्यायचं, अशी इकडची रीत. बोअरच्या स्टार्टरला ऑटो लावलेला असतो. लाईट आली की शेतात कुणी नसलं तरी बोअर आपोआप चालू होतो.

काकांनी सदरा काढता काढता विचारलं, "बोअरचा ऑटो काढलास का?"

"काढलाय," मी म्हणालो.

काढला नव्हता. बोअर पार दुसऱ्या बांधाला, ऊन मी म्हणत होतं, आणि त्या आठवड्यात लाईटची पाळी दुपारी एकची होती. आत्ता कुठे अकरा वाजले होते. शिवाय नंतर ऑटो पुन्हा लावायचा राहिला तर मोसंबीचं पाणी चुकेल, असंही मी मनाला सांगितलं. खरं कारण आळस. तेवढ्या चार पावलांसाठी मी त्यांच्या तोंडावर धडधडीत खोटं बोललो.

पहिल्या दोन बुड्या नीट झाल्या. तिसऱ्यांदा काका खाली गेले आणि लाईट आली, वेळेच्या जवळजवळ दोन तास आधी. काठावरचा पाईप एकदा खोकल्यासारखा ठसकला आणि धार तीस फुटांवरून पाण्यात कोसळली. बघता बघता विहीर पांढरी झाली. माझ्या कानातली ती स्वच्छ शांतता गेली आणि नुसतं भस्स ऐकू येऊ लागलं.

मला त्याच क्षणी कळलं. साधं पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही, म्हणून एका टोकाचा ठोका दुसऱ्या टोकाला तसाच पोचतो. त्यात हवेचे बुडबुडे मिसळले की ठोका त्यांना दाबण्यातच खर्ची पडतो. प्रत्येक बुडबुडा दबतो, फुगतो, पुन्हा दबतो. त्यात आवाजाचा वेगही इतका पडतो की कधी कधी तो हवेतल्यापेक्षा कमी भरतो. हे मी दर वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवतो.

एवढं कळूनही मी काय केलं? बोअरकडे पळालो नाही, खाली बुडीही मारली नाही. फेसात कान घालून मन लावून ऐकत बसलो, जणू दोष माझ्या कानात होता.

काका वर आले ते स्वतःच्या ताकदीनं. नडगी सोलली होती, डाव्या कानातून रक्त येत होतं. पाय केबलच्या वेटोळ्यात अडकला होता. तो सोडवण्याच्या झटापटीत, पाण्याच्या दाबानं बसलेले कान नाक दाबून मोकळे करायचं भान त्यांना राहिलं नव्हतं.

पायरीवर बसून धापा टाकत ते म्हणाले, "कावून रं, मी वाजवून वाजवून दमलो की. ऐकू आलं न्हाई का?"

"फेसात आवाज जात नाही, काका."

"आन् बोअर कसा काय चालू झाला?"

"ऑटो खराब झाला असंल. मी तर काढलता."

संध्याकाळी भावकी जमली. मी काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, चमचा वाजवला. मग त्यात लिंबू पिळून खायचा सोडा टाकला आणि पुन्हा वाजवला. मघाचा खणखणीत आवाज बद्द झाला. फेस उतरत गेला तसा तो हळूहळू चढत मूळ पट्टीवर आला. सगळे थक्क झाले. माझी चुलत बहीण म्हणाली, "दादाचा काय दोष हाय त्यात?" मी सांगितलं ते अक्षरशः खरं होतं, म्हणूनच त्याआड मला इतकं नीट लपता आलं. दुसऱ्या दिवशी काकांनी मिस्त्री बोलावून चांगला चालणारा स्टार्टर बदलून घेतला.

बीडच्या डॉक्टरांनी डाव्या कानाचा पडदा फाटल्याचं सांगितलं. पुढे कान वाहू लागला, आणि त्या कानानं ऐकू येणं बंद झालं. विहिरीत उतरायला कायमची मनाई झाली. पाण्याखाली आंधळ्यासारखं चाचपून गाठ मारणारा तो माणूस आता दुसऱ्यांच्या शेळ्या राखतो, आणि कुणाच्या विहिरीवर मोटर काढायचं काम निघालं की वाट वाकडी करून ती विहीर टाळून जातो. मी ते पाहिलंय. मला माझी लाज वाटते, रोज वाटते.

या दिवाळीत सांगून टाकायचं ठरवून गेलो. ते बांधावर बसले होते. मी शेजारी टेकलो आणि सगळं बोललो: ऑटो मी काढलाच नव्हता, खोटं बोललो, तुमचं काम माझ्यामुळे गेलं. 

काका शेळ्यांकडे पाहत राहिले. मग माझे हलणारे ओठ दिसले असावेत. त्यांनी मान पुरती फिरवून उजवा कान माझ्याकडे केला.

"काय म्हनलास? त्या बाजूनं मला येत न्हाई, ठावं हाय ना तुला?"

ठाऊक होतं. बांधावर दोन्हीकडे जागा होती, आणि मी त्यांच्या डावीकडे बसलो होतो.

"काही नाही," मी म्हणालो. "नडगी अजून दुखते का, विचारत होतो."