आडाचा दोर

भिजलेल्या काथ्याच्या दोराला एक वास असतो. थोडा मातीचा, थोडा शेवाळाचा, थोडा माणसाच्या तळहातांचा. शाळेचे शेवटचे वर्ष संपवून मी सिकंदराबादच्या बोर्डिंगमधून कायमची घरी आले तेव्हा चैत्र सरत आला होता, आणि पहिल्याच पहाटे मला जाग आली ती त्या वासाने आणि त्याच्यासोबत येणाऱ्या रहाटाच्या करकरीने. खिडकीच्या गजांतून अंगण दिसत होते. राख फुंकल्यावर निखारा उघडा पडावा तशी पूर्व उजळत होती, कडुनिंबाचा मोहोर आडाच्या कट्ट्यावर बारीक पांढऱ्या चुऱ्यासारखा पसरला होता, आणि त्या उंच कट्ट्यावर, धोतर गुडघ्यांच्या वर खोचून, माझे वडील उभे होते. खाली मिशनवाडीतल्या बायकांची रांग होती. बाबा दोर ओढत, पोहरा वर येई, ते तो कट्ट्यावरून वाकवत, आणि खाली उभी असलेली बाई आपली घागर दोन्ही हातांनी उचलून धरी. धार घागरीत पडताना बाबा हळू आवाजात तिला आशीर्वाद देत. मग पुढची घागर.

बाबा आमच्या मंडळीचे पाळक होते. उमरग्याहून माकणीकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावरच्या त्या गावात मिशनचा बंगला होता, बंगल्याला लागून देऊळ होते, कारण चर्चला आमच्यात देऊळच म्हणतात, आणि दोन्हींच्या मध्ये हा आड. निजामाचे राज्य गेले, मुलूख विलीन झाला, त्यानंतर थोड्याच काळात बंगल्यातले गोरे साहेब मायदेशी परतले आणि बाबा तिथे राहायला आले. साहेबांच्या वेळी फाटकाला कुलूप असे. बाबांनी आल्या आल्या केलेले पहिले काम म्हणजे ते कुलूप काढून आडात टाकणे. गावच्या विहिरीवर कुणालाही मज्जाव नाही असा कायदा झाला होता, पण पाटलाच्या विहिरीपर्यंत तो अजून पोहोचला नव्हता, आणि मिशनवाडीतली माणसे मुळात गावकुसाबाहेरची. प्रभूचे नाव घेतल्यामुळे त्यांचे देऊळ बदलले होते, पाण्याची जागा बदलली नव्हती. बाबांनी फाटक उघडले तेव्हा ती बदलली.

त्या उन्हाळ्यात आडाचे पाणी खोल गेले तसा दोर लांबला, आणि बाबांनी तो आपल्या हाती घेतला. या बायका दिवसभर उन्हात खुरपणी करून येतात, त्यांनी आणखी दोरही का ओढावा, असे त्यांचे म्हणणे. कुणी पुढे झालीच तर ते म्हणत, “नको बाई, मी ओढतो.” हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले गेले की त्याचा नियम कधी झाला हे कुणाला कळले नाही. कट्ट्याच्या तीन पायऱ्या बाबांखेरीज कुणी चढत नसे.

मला त्यांचा अभिमान वाटे. बोर्डिंगमध्ये मी सेवेविषयी पुष्कळ ऐकले होते, सुंदर इंग्रजीत, पंख्याखाली बसून. इथे ती डोळ्यांना दिसत होती, घामाने भिजलेल्या सदऱ्यात. सोलापूरकडून कुणी पाहुणे आले की ते व्हरांड्यात उभे राहून हे दृश्य पाहत आणि गहिवरत. रविवारी बाबा प्रभूने शिष्यांचे पाय धुतल्याची कथा सांगत तेव्हा मंडळीला ते घंगाळ, तो कमरेला गुंडाळलेला पंचा अगदी समोर दिसे. त्याच कथेत एक शिष्य आहे, जो पाय मागे घेतो, माझे पाय तुम्ही धुवायचे नाहीत म्हणतो. त्या शिष्यापाशी बाबा फार थांबत नसत. एका वाक्यात त्याला ओलांडून ते पुन्हा घंगाळापाशी येत. मी मागच्या बाकावर बसून अशा गोष्टी टिपत असे, बोलत नसे. बोलण्याची मला सवय नव्हती, आणि मिशनवाडीतल्या मुलींना माझे मराठी ऐकून हसू येई.

बाबांच्या तळव्यांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. आई संध्याकाळी खोबरेल तेलात हळद कालवून लावी. “जरा कुणाला तरी ओढू द्या की,” ती म्हणे. बाबा हसत. त्या हसण्यात थकवा असे आणि थकव्याखाली, मला वाटते, एक समाधान.

वैशाखात अनसाबाई यायच्या बंद झाल्या.

अनसाबाई म्हणजे मिशनवाडीतल्या सगळ्यांत जुन्या ख्रिस्ती घरातली विधवा. उंच, काटक, तोंडाने फटकळ. देवळात गीत सुरू झाले की पेटीच्या अर्धा सूर पुढे धावणारा आवाज तिचा. तिची सून कमळ गरोदर होती, सातवा महिना. त्या दोघी आता तेरणेच्या पात्रात जाऊन वाळूत झिरा उकरतात आणि वाटीवाटीने घागर भरतात, असे कळले. उन्हाळ्यात तेरणा म्हणजे तापलेल्या वाळूचा एक रुंद पट्टा. तिथवर चालत जाणेही कठीण, आणि कमळच्या तशा अवस्थेत तर भीती वाटावी असेच. आणखी दोन घरच्या बायका अनसाबाईंच्या मागे जाऊ लागल्या. कुणी म्हणाले, अनसाबाई मंडळी सोडणार. कुणी म्हणाले, तिचे कुणाशी तरी बिनसले आहे. रांगेत रिकामी राहिलेली जागा बाबांना रोज दिसत असणार, कारण दोर ओढता ओढता त्यांची नजर फाटकाकडे जाई. चार दिवस त्यांनी वाट पाहिली. मग एका दुपारी, ऊन कलल्यावर, ते मला म्हणाले, “चल.” मी चपला घातल्या.

अनसाबाईंच्या घरापुढे शेणाने सारवलेली जागा होती. तिने पोते अंथरले, तांब्या आणून बाबांपुढे ठेवला.

“प्या. झिऱ्याचं हाय, जरा गढूळ हाय.”

“असू द्या, इतक्या लांबून आणलेलं,” बाबा म्हणाले. “अनसाबाई, माझं काही चुकलं का?”

“तुमचं काय चुकतंय, पाळकबाबा? तुमी देवमाणूस.”

“मग येणं का सोडलं? कमळला या दिवसांत एवढ्या लांब...”

“म्या कुठं तिला धाडायले? म्याच जाते. पर ही ऐकतीय व्हय? शेपटावानी मागं मागं.”

आतून कमळचा आवाज आला, “शेपूट तर शेपूट. आत्याबाई वाळूत पडल्या तर उचलाया कुणी नगं व्हय?”

“आता माझी कवटी सरकायच्या आत तू गप बस,” अनसाबाई म्हणाल्या, आणि दोघीही हसल्या. बाबाही हसले. मग अनसाबाईंचे हसणे थांबले. तिने तांब्याकडे पाहिले. तो तसाच भरलेला होता.

“खरं सांगू? राग नगा धरू. माझा जलम पाटलाच्या हिरीखाली उभं ऱ्हाण्यात गेला. घागर धरायची आन् मान वर करून बघत ऱ्हायचं. कुणी यील, कुणाला दया यील, तवा वरून वतंल. तिथं शिव्या देऊन वतायचे, तुमी दुवा देऊन वतताव. लई फरक हाय, न्हाय कशाला म्हणू? पर मान तर तशीच वर करावी लागती की, बाबा.”

“मी सेवा करतो, अनसाबाई.” बाबांचा आवाज मी इतका लहान कधी ऐकला नव्हता.

“व्हय. ती सदा तुमीच करायची, आन् आमी निस्ती घ्यायची. आन् तुमाला काय दिलं तर असू द्या म्हणायचं.” तिने तांब्या उचलून बाजूला ठेवला. “माझ्या हाताला काय झालंय? दोर द्या. उद्या येते.”

“बघतो,” बाबा म्हणाले.

“बघा,” ती म्हणाली.

परतताना बाबा माझ्या पुढे चालत होते. बाभळींच्या सावल्या रस्त्यावर आडव्या पडल्या होत्या, शेळ्या घरी निघाल्या होत्या, त्यांच्या पायांची धूळ सोनेरी होऊन हवेत तरंगत होती. मी त्यांच्या मानेकडे पाहत होते. ती ताठ होती. एखाद्या माणसाला अपमान झाल्यावर जितकी ताठ ठेवावीशी वाटते, तितकी. मला अनसाबाईंचा राग आला होता, आणि त्याच वेळी ती बोलली ते खोडता येत नव्हते. या दोन गोष्टी एकाच मनात इतक्या शेजारी शेजारी राहू शकतात हे मला नवीन होते.

जेवताना आईने सगळे ऐकून घेतले. आई मितभाषी, तिच्याकडून मी ते घेतले असावे. भाकरी वाढून झाल्यावर ती म्हणाली, “सासूबाई आपल्या घरात ओंजळीनं पाणी का पिऊ देत नव्हत्या, आठवतं ना?”

मला तो नियम आठवत होता. लहानपणी नळाखाली ओंजळ धरली म्हणून आजीने माझ्या हातांवर चापट मारली होती. आमच्या घरात पाणी प्यायचे ते पेल्याने, तान्ह्या मुलानेसुद्धा. कारण कुणी सांगितले नव्हते. मला वाटायचे, ती साहेबी रीत आहे. आईने आता कारण सांगितले. आजीच्या आईला आयुष्यभर ओंजळीनेच प्यावे लागले होते, पाटलाच्या माणसाने वरून ओतलेले, खाली बसून, अंतर राखून. म्हणून आजीने प्रभूच्या घरात आल्यावर पहिली वस्तू घेतली ती पितळी पेला. तो पेला अजूनही आमच्या फडताळात होता. बाबा त्यानेच पाणी पीत. त्या संध्याकाळी त्यांनी तो हातात धरला आणि बराच वेळ त्यातले पाणी पाहत राहिले.

सकाळी करकर ऐकू आली नाही. दोर रहाटावर व्यवस्थित गुंडाळून ठेवलेला होता, आणि बाबा व्हरांड्यात आरामखुर्चीत, हातात मिटलेले पुस्तक. बायका आल्या, सवयीने कट्ट्याखाली रांगेत उभ्या राहिल्या, वर पाहू लागल्या. वर कुणी नव्हते. बऱ्याच वेळाने फाटकातून अनसाबाई आल्या, मागे कमळ. अनसाबाईंनी रिकामा कट्टा पाहिला, व्हरांड्याकडे पाहिले, पदर खोचला आणि तीन पायऱ्या चढल्या.

बाबा दोर लांब, संथ ओढीने ओढत. अनसाबाईंची ओढ आखूड, झपझप. रहाटाचा सूरच बदलला. मग दुसरी वर चढली, मग तिसरी. कट्ट्यावर भांडण झाले, पोहरा कठड्यावर आपटला, पाणी सांडले, कुणी कुणाच्या माहेराचा उद्धार केला.

“पाणी वाया चाललंय,” बाबा अर्धवट उठले.

“चालू द्या,” आई म्हणाली. मग ती आत गेली, आमची तांब्याची घागर घेऊन आली आणि त्यांच्या पायांशी ठेवली. “घरात थेंब नाही. रोज तुम्ही आधी आपली भरता. आज कुणी भरली?”

बाबांनी घागरीकडे पाहिले. ती उचलायला त्यांना जो वेळ लागला तो मला दीर्घ वाटला. ते व्हरांड्याच्या पायऱ्या उतरले, अंगण ओलांडले आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. पुढच्या बायकांनी जागा करून द्यायला सुरुवात केली. त्यांनी मान हलवली. रांग सरकत गेली. ते कट्ट्यापाशी पोहोचले तेव्हा वर पुन्हा अनसाबाई होत्या.

“नको बाई, मी...” बाबांनी सुरुवात केली आणि पायरीवर पाय ठेवून दोराकडे हात केला. तळहात उघडा झाला. खालीही साऱ्यांना दिसला असेल. कातडे सोललेले, हळदीने पिवळे.

“ह्या हातानं वढताव?” अनसाबाई म्हणाल्या. “धरा घागर.”

बाबांनी पायरीवरून पाय काढला. घागर दोन्ही हातांनी उचलून धरली आणि मान वर केली. मी खिडकीत होते. त्यांच्या चेहऱ्यावर ऊन पडले होते आणि डोळे बारीक झाले होते. पोहरा वाकला. आपण काहीतरी पाहू नये ते पाहतो आहोत असे वाटून बायका आपापल्या घागरींकडे पाहू लागल्या. तेवढ्यात कमळ म्हणाली, “अवं बाबा, घागर तिरपी धरलीय तुमी! समदं पायावर चाललंय!”

बायका खो खो हसल्या. अनसाबाई हसल्या, आणि हसताना पोहऱ्याची धार आणखीच हलली. पाणी बाबांच्या धुळीच्या पावलांवरून, बोटांमधून, टाचांखालून वाहत होते. त्यांनी खाली पाहिले. पाय मागे घेतले नाहीत.

ते घागर घेऊन व्हरांड्यापर्यंत आले तेव्हा आईने घागरीत डोकावून पाहिले.

“अर्धीच?”

“परत जातो,” बाबा म्हणाले, आणि ओल्या पावलांनी पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

स्वयंपाकघराच्या दारामागे आणखी एक घागर रिकामी होती. रांगेत माझे मराठी ऐकून मुली हसतील हे मला ठाऊक होते. खिडकीतून आड, रांग, बाबांची पाठ, सगळे नेहमीसारखे स्पष्ट दिसत होते; फक्त दोराचा वास आज इथवर येत नव्हता; तो हवा तर रांगेतच जाऊन उभे राहावे लागणार होते.