नकाशाबाई आणि नववी कुंडी

आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात नकाशाबाईंच्या वाटेला जायचं नाही, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जातं. मीही सांगायचे. स्वतः मात्र विसरले आणि त्याची फळं अजून भोगतेय.

बाईंचं काम जमिनीखालच्या नळांचे नकाशे सांभाळायचं. तीस वर्षांत शहरातला एकेक व्हॉल्व्ह त्यांना तोंडपाठ झाला होता. कुठे नळ फुटला की फोन थेट त्यांच्या टेबलावर यायचा. त्या तीन प्रश्न विचारायच्या. ओल कुठे आहे, कधीपासून आहे, पाणी स्वच्छ आहे की गढूळ? मग कोणता व्हॉल्व्ह बंद करायचा ते सांगून फोन ठेवायच्या. समोरच्याचे आभार ऐकायला काही थांबायच्या नाहीत.

दीड वर्षापूर्वी त्यांचे यजमान गेले. त्या कामावर परतल्या तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना जपायचं ठरवलं. फोन उचलून मिशीवाल्यांच्या, म्हणजे आमच्या भरघोस मिशांच्या सहकाऱ्याच्या, टेबलावर ठेवला. किचकट नकाशे त्यांच्यापर्यंत जाऊच दिले नाहीत. कुणी त्यांचं कपाट आवरून द्यायचं, कुणी चहा आणून द्यायचं. बाई ओठ मुडपून गप्प बसायच्या. बिचारीला तेवढाच आधार वाटत असेल, अशी माझी समजूत.

खिडकीत त्यांच्या आठ कुंड्या होत्या, सगळ्या टवटवीत. नववी रबराच्या झाडाची. ती त्यांनी घरून आणून टेबलाशेजारी ठेवली. जागा बदलल्यामुळे आधी दोन-तीन पानं गळली. मग बाकीची पिवळी पडू लागली आणि महिनाभरात बुंधा मऊ लागायला लागला.

"हे कुणीतरी मुद्दाम करतंय," बाई मला म्हणाल्या.

"अहो, एखादं झाड जातं असं."

"माझ्या हातचं जात नाही. ज्याने केलंय त्याची सगळ्यांसमोर लाज काढीन, बघच तू."

संशय अर्थातच मिशीवाल्यांवर. फोन त्यांच्याकडे गेलेला, आणि महिनाअखेरीला भरायची विभागप्रमुखाची जागाही त्यांनाच मिळणार, अशी कुजबुज होती. खरं तर ती जागा बाईंची, अनुभवानेही आणि अकलेनेही. बाई मिशीवाल्यांकडे अशा बघायच्या की ते मिशीसकट आक्रसायचे.

गळती शोधावी तसा त्यांनी झाडाचा तपास सुरू केला. बाकीच्या आठ कुंड्यांना माती हीच, खतही हेच, म्हणजे दोष त्यात नाही. उजेड पुरेसा होता, पानांखाली कीड नव्हती. मातीत बोट घातलं तर चिखल. नाकाशी नेलं तर कुजका वास. आणि बाईंनी स्वतः तर आठवडाभर पाण्याचा थेंब घातला नव्हता. मग त्यांनी कुंडी टपालाच्या वजनकाट्यावर चढवली. सकाळी सहा किलो, संध्याकाळी सात.

"एका दिवसात एक किलो पाणी," त्या म्हणाल्या. "आता कुठे जातो बघते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, सगळ्यांच्या देखत पर्स उचलून बाहेर पडल्या, आणि आम्ही जेवायला गेलो असताना मागच्या दाराने येऊन नकाशांच्या कपाटामागे दबा धरून बसल्या.

तिथून त्यांनी जे पाहिलं ते असं. शिपाईमामांनी पेल्यांत उरलेलं पाणी कुंडीत ओतलं. साहेबांनी जाता जाता आपला ग्लास रिकामा केला. रोखपालांनी बाटली झटकली. मी तर चांगली अर्धी बाटली ओतली, पानावरून हात फिरवला आणि "बिचारं" म्हणाले. काहीच घातलं नाही ते एकट्या मिशीवाल्यांनी. त्यांचं त्या कुंडीकडे लक्षच नव्हतं.

बाई बाहेर आल्या. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यांनी कुंडी आडवी केली आणि झाड मातीसकट उपसलं. मुळं काळी पडली होती. दाबली की साल सुटून बोटांना चिकटत होती.

"या, सगळे या. बघा," त्या म्हणाल्या. "दुष्मनाने एकदाच काय ते केलं असतं. तुम्ही रोज केलंत."

"अहो, सुकतंय असं वाटलं म्हणून..." साहेब चाचरले.

"मला विचारलंत?"

रोखपालांनी हातातली बाटली पाठीमागे लपवली.

"फोन नेलात, नकाशे नेलेत, तेव्हा तरी कुठे विचारलंत? माझा नवरा गेला. माझं डोकं नव्हतं गेलं."

तेवढ्यात फोन वाजला. बाजाराच्या रस्त्यावर मोठा नळ फुटून पाणी दुकानांत शिरत होतं. मिशीवाल्यांनी फोन घेतला. ते नकाशा उलटसुलट करू लागले. बाई खाली बसून कात्रीने कुजकी मुळं कापत राहिल्या.

"बाई, सांगा ना तुम्ही," साहेब म्हणाले.

"मला त्रास नको ना व्हायला?"

"दुकानं बुडताहेत हो."

"मग फोन इकडे आणा. तुम्ही स्वतः."

साहेबांनी वायर सोडवत, खुर्च्या सरकवत फोन त्यांच्या टेबलावर आणून ठेवला. बाईंनी मातीचे हात पुसले, अगदी मुद्दाम सावकाश. मग तीन प्रश्न विचारले आणि व्हॉल्व्ह सांगितला. दहा मिनिटांत पाणी बंद झाल्याचा निरोप आला.

"आता विभागप्रमुखाच्या जागेसाठी वर पाठवताय ते पत्र काढा," त्या साहेबांना म्हणाल्या. "मोठ्याने वाचा."

साहेबांनी मान खाली घालून वाचलं. "कौटुंबिक आघात लक्षात घेता सदर बाईंवर अधिक जबाबदारी टाकू नये."

"ही भाषा तुमची नाही. कुणी लिहून दिलं?"

साहेब माझ्याकडे बघू लागले.

मीच लिहिलं होतं. त्यांच्या भल्याचं करतेय असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं. बारा वर्षं आम्ही दोघी समोरासमोर बसून जेवत होतो. मला वाटलं, आता त्या माझी सालटी काढतील. काढली असती तर बरं झालं असतं. त्या माझ्याकडे पाठ करून खाली बसल्या. लहान कुंडीत कोरडी माती भरून त्यांनी झाड लावलं आणि ते खिडकीत नेऊन ठेवलं.

ते पत्र रद्द झालं, जागा बाईंना मिळाली. झाडाला नवी पानं फुटली. साहेबांना त्यांनी माफ केलं, आणि मिशीवाल्यांशी तर त्यांचं आता इतकं जमतं की दुपारी दोघं एकत्र जेवतात. माझ्याशी फक्त कामापुरतं बोलतात.

मागच्या आठवड्यात जेवताना त्यांना जोराचा ठसका लागला. मी पाण्याचा ग्लास घेऊन धावले. त्यांनी माझा हात बाजूला सारला, खोकत खोकत उठल्या आणि भिंतीला धरून नळापर्यंत जाऊन स्वतःच्या ओंजळीने पाणी प्यायल्या.