कारंज्याच्या जोडीचा दोष नव्हता

वडनेरात किंवा आसपासच्या खेड्यात कुणाचं कबूतर मान वाकडी करून गोल फिरायला लागलं, की लोक त्याला टोपलीत घालून माझ्या घरी आणतात. मी जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर होतो, डॉक्टर कधीच नव्हतो. पण कबुतरवाल्यांनी मला 'डाक्टर' म्हणायला सुरुवात केली आणि नोकरी संपली तरी ते नाव राहिलं.

माझी कबुतरांची ढाबळ पाहायला लोक येतात याचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही. गच्चीवर पूर्वेकडे तोंड करून ती बांधली आहे. सकाळचं ऊन आत शिरतं आणि दुपारचं शिरत नाही. खाली लाकडी फळी नाही, जाळी आहे, म्हणजे विष्ठा खाली पडते आणि पाय कोरडे राहतात. रोज सकाळी दाणा टाकण्याआधी मी विष्ठा बघतो. गोळी घट्ट आणि टोकाला पांढरी असली की पाखरू ठीक आहे. हिरवी, पाण्यासारखी दिसली की त्याला त्याच क्षणी बाजूला काढायचं. दाण्यात ज्वारी, बाजरी, थोडी लाखोळी. हिवाळ्यात हरभरा वाढवायचा, पिसं झडताना करडई. विटेचा चुरा, अंड्याची टरफलं आणि चिमूटभर मीठ वेगळ्या वाटीत. पाणी दिवसातून दोनदा बदलायचं. मे महिन्यात आपल्याकडे गच्चीवर पाय ठेववत नाही, तेव्हा ओल्या बारदानाचे पडदे लावायचे. रविवारी कडुनिंबाच्या पाण्यात अंघोळ. त्या दिवशी पाखरं परातीत उतरून पंख पसरतात ते बघत बसलो की माझा चहा थंड होतो.

हे सगळं मी एकट्याने शिकलो नाही. अर्धं मी मास्टरकडून शिकलो. मास्टर म्हणजे माझ्या मागच्या गल्लीतला शिंपी, माझ्याच वयाचा. त्याची पाखरं माझ्यापेक्षा सरस होती, आजही आहेत. रुंद छाती, बसकी मान, आणि घरच्या गच्चीची अशी ओढ की कुठेही सोडा, परत येणार.

आम्ही पाच-सहा कबुतरवाले. आमच्यात एक रिवाज आहे. परकं पाखरू आपल्या गच्चीवर उतरलं तर त्याला 'पाहुणं' म्हणायचं. पाहुण्याला धरायचं, पंखाला दोरा बांधायचा, पण आत घालायचं नाही. तीन दिवस उघड्या पिंजऱ्यात, सगळ्यांना दिसेल असं ठेवायचं आणि चहाच्या टपरीवर जाऊन सांगायचं. कुणी ओळख पटवली तर द्यायचं, नाही तर चौथ्या दिवशी ते आपलं. हा रिवाज मालकाच्या सोयीसाठी आहे असं सगळे समजतात. तो पाखरांच्या तब्येतीसाठीही आहे, हे मला फार उशिरा कळलं.

अकरा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात माझ्या गच्चीवर एक पांढरंशुभ्र पाहुणं उतरलं. पायांवर बोटांपर्यंत पिसं, जणू मोजे घातलेले. असं पाखरू आमच्या भागात कुणाकडे नव्हतं. मी शीळ घातली, मूठभर दाणे टाकले आणि ते सरळ माझ्या हाताशी आलं. मला वाटलं, ही माझ्या शिळेची करामत. निरोगी पाखरू परक्याच्या हाती इतक्या सहज येत नाही, हे ड्रेसरकीत आयुष्य घालवलेल्या माणसाच्या डोक्यात आलं नाही. खरं तर आलं असेल, मी ते बाजूला सारलं. मी दोरा बांधला नाही, टपरीवर गेलो नाही. कुणी ओळख सांगायला येईल या भीतीने त्याला थेट ढाबळीत, माझ्या पाखरांमध्ये सोडलं.

चौथ्या दिवशी त्याची मान थरथरायला लागली. सहाव्या दिवशी ते मेलं. मी त्याला शेवग्याखाली पुरलं आणि घरातही कुणाला सांगितलं नाही.

दोन आठवड्यांत माझ्या ढाबळीत मान वाकडी करणारी ही मानमोडी पसरली, आणि मग मास्टरच्या. आमची पाखरं एकाच आभाळात फिरायची, एकमेकांच्या गच्चीवर पाणी प्यायची. त्याच सुमारास मास्टरने कारंज्याच्या एका ढाबेवाल्याकडून एक जोडी आणली होती. आणल्यापासून तीन आठवडे त्याने ती दुकानाच्या मागच्या खोलीत वेगळी ठेवली होती. मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

टपरीवर विषय निघालाच. आमच्यातला एक किराणावाला म्हणाला, "मास्टर, तुह्या कारंज्याच्या जोडीनंच आणलं ना हे?"

"तीन हप्ते वेगळी ठेवली बापा मी," मास्टर म्हणाला. "शिंक बी नाई आली तिले."

"डाक्टर, तू सांग," किराणावाला म्हणाला. "कुठून येते ही बिमारी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "असा आजार बाहेरून आणलेल्या पाखरातूनच येत असते."

वाक्य खरं होतं. म्हणूनच ते इतकं वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्टर भिजवलेला हरभरा घेऊन माझ्या गच्चीवर हजर. "माह्यामुळं झालं, तर मीच भरवतो," म्हणाला. मान वाकडी झालेलं कबूतर दाण्यावर चोच मारतं आणि ती भलतीकडेच पडते. समोर दाणे असून उपाशी मरतं. मास्टर एकेकाला मांडीवर घ्यायचा, डाव्या हाताने मान आधारायचा आणि एकेक दाणा जिभेच्या मागे सोडायचा. मग गळ्याखालची पोटळी चाचपून बघायचा, भरली की नाही. पाण्यासाठी खोल वाटी, म्हणजे चोच आपोआप बुडते. आधी स्वतःची पाखरं, मग माझी. असे सहा आठवडे. माझी चौतीस आजारी पडली, त्यातली सव्वीस वाचली. आज लोक मानमोडीसाठी माझ्याकडे येतात आणि मी जे करतो, ते त्या सहा आठवड्यांत मास्टरच्या हातांकडे बघून शिकलेलं आहे. नाव माझं झालं.

त्याचं गेलं. आमच्यात चांगल्या जोडीची पिल्लं दुसऱ्याला देणं हा मान असतो. त्या हिवाळ्यानंतर मास्टरच्या घरचं पिल्लू कुणी घेतलं नाही. पुढे त्यानेच विचारणं बंद केलं.

यंदा मास्टरला दम लागायला लागला. त्याची मुलगी सेवाग्रामला नर्स आहे. तिने त्याला तपासून घेतलं. डॉक्टरांनी सांगितलं, कबुतरांच्या पिसांची धूळ छातीत बसली आहे, पाखरं सोडावीच लागतील. मुलीने आठ दिवसांची मुदत दिली. मास्टरकडे अठ्ठावीस पाखरं होती आणि बाजारातला व्यापारी पोतं घेऊन यायला तयार होता. त्याच्याकडे गेलेली पाखरं ढाबळीत जात नाहीत, कढईत जातात.

मी टपरीवर विषय काढला. किराणावाला म्हणाला, "मास्टरच्या घरचं? नको बापा. पुन्हा मानमोडी लागली तं?"

मी तसाच उठून मास्टरकडे गेलो. तो मशीनवर बसला होता. टपरीवर सांगण्याआधी त्याला सांगायला हवं होतं. पांढरं पाहुणं, शेवगा, माझं ते वाक्य, सगळं सांगितलं.

मशीन थांबली. तो म्हणाला, "म्हंजे माही जोडी चांगली होती."

"होती."

"मी म्हणतच होतो ना! तीन हप्ते ठेवलती मी." त्याचा चेहरा उजळला. आणि मग हळूहळू त्याला बाकीचं समजलं असावं. "अन् मी तुह्या गच्चीवर दीड महिना हरभरा भरवत होतो. तू पाहून राह्यलता. काऊन नाई बोलला बे?"

"लाज वाटली," मी म्हणालो.

"आता नाई वाटत?"

"आता जास्त वाटते."

"जाय," तो म्हणाला. "टपरीवर सांग. माह्यासमोर नको. मले तुह्या तोंडाकडं पाहायचं नाई."

मी सांगितलं. सगळे जमले असताना, उभं राहून. किराणावाल्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "अकरा वर्षं लेकाच्या?" दुसऱ्याने मला सोडून मास्टरच्या घराची वाट धरली. त्याच्या मागे बाकीचे गेले.

रविवारी मास्टरने तोंडाला दुहेरी फडकं बांधून स्वतःच्या हाताने पाखरं वाटली. मी त्याच्या मुलीशेजारी पायऱ्यांवर उभा होतो. असं वाटप मी आयुष्यात पाहिलं नाही. प्रत्येकाची तो चौकशी करत होता. "तुह्या घरी मांजर हाये, तुले नाई." "तुह्या गच्चीवर सावली कुठं हाये? आधी बारदान लाव, मग येजो." अकरा वर्षं ज्याच्याकडे कुणी पिल्लू मागितलं नाही, त्याच्यापुढे माणसं हात जोडून उभी होती, आणि तो नाकारत होता. मला अभिमान वाटला. पाखरं माझी नव्हती, तरी.

मी टोपली पुढे केली. त्याने टोपलीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. "तुले नाई देत," म्हणाला. मी टोपली मागे घेतली.

जुनी कबुतरं नव्या घरी लगेच रुजत नाहीत, महिना-दीड महिना कोंडून ठेवावी लागतात. किराणावाल्याने घाई केली, आठच दिवसांत दार उघडलं, आणि दोन पाखरं सरळ मास्टरच्या रिकाम्या गच्चीवर. मुलगी मास्टरला वर जाऊ देत नव्हती. दुपारी माझा फोन वाजला.

"डाक्टर," तिकडून मास्टरचा आवाज आला, "ये अन् घेऊन जाय या पाखरायले. किराणावाल्याच्या हातानं नको, तो पंख ओढते. खालून हात घाल, पाय बोटात धर. अन् आधी पाणी दाखवजो, मग उतरतीन."

मी चप्पल घालून निघालो.