पहिलं बाळंतपण

लातुरात बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालावं ते नागम्मानंच, असं टेकावरच्या कॉलनीतल्या बायका म्हणायच्या. पायावर घेतलेलं लेकरू तिच्या हाताखाली किंचाळता किंचाळता झोपी जायचं. तिनं न्हाऊ घातलेली तिथली पोरं आता मोटारसायकली उडवतात.

ती राहायची मात्र खाली, नाल्याकाठच्या वस्तीत. तिथंही तीच बाई, तेच तेल, तोच शेक. पण तिथं कधी लेकरू दगावायचं, कधी बाळंतीण. नळाची पाइपलाइनच नाल्यातून आलेली. पाणी आठवड्यानं यायचं आणि आलं की वास मारायचं. अर्ज करून वस्ती थकली. साहेब यायचे, नाकाला रुमाल लावून बघायचे आणि जायचे.

नागम्माची एकुलती एक लेक दामिनी कॉलनीत दिलेली. नशीब काढलं पोरीनं! तिला सातवा लागला, ओटी भरली, आणि तिची सासू उज्वलाबाई तिला माहेरी धाडायच्या तयारीला लागल्या. पहिलं बाळंतपण माहेरीच, ही रीत. नागम्मानं लाज गिळली.

"विहीणबाई, पाया पडते, पोरगी हितंच राहू द्या. आमच्या गल्लीत गरवार बाया टिकत न्हाईत. पाणी लई वंगाळ हाय. मी रोज येऊन सगळं करते."

उज्वलाबाई हसल्या. "तुम्हीच असं म्हणल्यावर कसं? अर्ध्या कॉलनीची बाळंतपणं तुम्ही केलीत. तुमच्यापाशीच ती सुखरूप राहील." मग आवाज खाली आला. "अन् माहेरानं पोरगी नेली न्हाई, असं चारचौघांत व्हायला नको."

पोरीकडची बाजू पडती. दामिनी आली, हरखून आली. नागम्मा पाणी उकळून ठेवायची. पण ती कामावर गेली की पोरगी शेजारच्या ओट्यावर मैत्रिणींत रमायची आणि तिथलंच पाणी प्यायची. लहानपणापासून तेच तर प्यालेली. नवव्यात तिचे डोळे पिवळे झाले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कुठं राहता एवढंच विचारलं आणि कागदावर कावीळ लिहिली. आधी पोटातलं बाळ गेलं, मग दामिनी.

लिंगायतांच्या रीतीनं तिला बसवून माती दिली. घरी परतल्यावर उज्वलाबाईंनी नागम्माच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला.

"तुमच्या भरवशावर धाडली होती हो! तुमच्या हातून असं कसं झालं?"

सांगितलं होतं ना मी, हे नागम्माच्या ओठांवर आलं होतं. पण विहीणबाईंचाच प्रश्न ती स्वतःलाही विचारत होती.