साठे आजींच्या नावाचा बेड

भक्त म्हणवून घ्यावं असा मी माणूस नाही, हे आधीच कबूल करतो. सतराव्या वर्षी कणकवलीहून मुंबईत आलो, घाटकोपरला हातगाडीवर नळाच्या तोट्या विकल्या, आणि आज मुलुंडला स्वतःचं हार्डवेअरचं दुकान आहे. एवढ्या वर्षांत एकच विद्या मनापासून शिकलो, ती म्हणजे घासाघीस. गिऱ्हाइकाशी, घाऊक व्यापाऱ्याशी, रिक्षावाल्याशी, आणि खरं सांगायचं तर दत्तमहाराजांशीसुद्धा. आमच्या सोसायटीच्या मागे औदुंबराखाली लहानसं दत्तमंदिर आहे. दर गुरुवारी जातो. पण हात जोडले की तोंडातून निघायचं ते 'तुम्ही एवढं करा, मग मी एवढं करतो' असंच. देव आपल्याला फसवणार तर नाही, ही शंका मनात कायम असायची.

गेल्या वर्षी माझी बायको बाथरूममध्ये घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण मागोमाग ताप आला, अशक्तपणा आला आणि तिचं उठणं लांबलं. घरच्या पलंगावर पडून पडून तिच्या पाठीला जखमा झाल्या. ड्रेसिंग करायला येणाऱ्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "डोक्याकडून उचलता येणारा बेड आणि हवेची गादी आजच्या आज आणा. जखम आत उतरली तर मग माझ्या हातात काही राहणार नाही." मी लगेच बेड भाड्याने देणाऱ्या दुकानात गेलो. तिथल्या माणसाच्या बोलण्यात मला मग्रुरी दिसली. मी आवाज चढवला, त्याने चढवला, आणि ठरत आलेला व्यवहार मोडून मी बाहेर पडलो. दुसऱ्या दुकानात बेड शिल्लक नव्हता, आठवडा लागेल म्हणाले. माझ्या तोऱ्यापायी दोन दिवस गेले, आणि ते दोन दिवस तिच्या पाठीने सोसले. कूस बदलताना ती ओरडत नसे. ओठ दाबून धरायची, आणि वर मलाच म्हणायची, "अहो, जेवलात का?"

आता वाचणारा विचारेल, मुलुंड-भांडुपकडे रुग्णांना मोफत बेड देणारी संस्था आहे ना? आहे. तीच तर माझी दुखरी जागा. ती संस्था मी आणि माझा मित्र विनायक, आम्ही दोघांनी मिळून उभी केली. विनायक शाळामास्तर, गोड बोलणारा. मी वस्तू जमवणारा. बेड ठेवायला जागा मिळेना, तेव्हा मीच म्हटलं होतं, गोदाम हवंय कशाला? बेड घराघरांतच फिरू दे. ज्या घरचा रुग्ण बरा होईल किंवा जाईल, त्या घराने तो पुढच्या घरी स्वतः पोहोचवायचा, जोडून द्यायचा आणि रुग्ण त्यावर आडवा झाला की मगच निघायचं. बेडच्या पायथ्याशी प्लास्टिकच्या पाकिटात एक कार्ड बांधलेलं असतं. त्यावर फक्त रुग्णांची नावं, एकाखाली एक. दुसऱ्या कुणाचंच नाव नाही. एकदा एक कंपनीवाले बेड द्यायला आले आणि म्हणाले, प्रत्येकावर आमचं नाव मोठ्या अक्षरांत हवं. मी भर बैठकीत म्हटलं, "आजारी माणसाने काय उताणं पडून तुमची जाहिरात वाचायची?" ते उठून गेले.

पुढे राज्यभरातल्या सेवाभावी संस्थांचं एक संमेलन भरलं. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतची माणसं येणार होती. आमच्या फिरत्या बेडांबद्दल तिथे सांगायचं होतं. मी नवा सदरा शिवून घेतला. आदल्या दिवशी विनायक म्हणाला, "तू नको येऊस रे. तुझी जीभ कधी सुटेल याचा नेम नाही." त्याने दुसऱ्याला बरोबर नेलं. नंतर ऐकलं की चार-पाच जिल्ह्यांत लोकांनी ही पद्धत उचलली, खूप टाळ्या पडल्या. माझं नाव कुणी घेतलं नाही. त्या दिवसापासून सात वर्षं मी विनायकशी बोललो नव्हतो. समोरून येताना दिसला की रस्ता बदलायचो. बायकोची पाठ सोलली जात होती तरी मी त्याला फोन केला नाही. लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे ते असं.

त्या गुरुवारी सकाळी देवळात गेलो आणि सौद्याला सुरुवात केली. पाच गुरुवारांचे उपास बोललो. पहिलाच भाव वरचा सांगू नये, ही जुनी सवय. मग अकरावर आलो. मग एकवीस. महाराजांची मूर्ती होती तशीच शांत. एकवीसच्या पुढे काय बोलावं सुचेना, तेव्हा चिडून घरी आलो.

दुपारी बाराच्या सुमारास बेल वाजली. दारात आमचा वॉचमन, त्याच्यामागे पस्तिशीची एक बाई आणि तिचा भाऊ. लिफ्टमधून सुटे केलेले लोखंडी भाग येत होते.

"काका, पेशंटचा बेड म्हणाल्या, म्हणून तुमच्याकडे घेऊन आलो," वॉचमन म्हणाला.

"आजी कुठायत?" त्या बाईने चपला काढता काढता विचारलं. "विनायक सरांनी सांगितलंय, आज पोचलाच पाहिजे. सॉरी हां काका, टेम्पोवाल्याने वाट लावली, भांडुपलाच तासभर अडकलो."

विनायकचं नाव ऐकलं आणि माझ्या छातीत काहीतरी फुललं. शेवटी वाकला! कुणाकडून तरी कळलं असणार आणि तोंड दाखवायची हिंमत नाही म्हणून बेड पाठवला. आणि महाराजांनीही एकवीसला सौदा मान्य केला. मी कुणाला काही विचारलं नाही. चालून आलेल्या मालाला प्रश्न विचारू नयेत, हीही जुनी सवय.

तिचं नाव उज्ज्वला. भावाने बोल्ट आवळले, तिने गादीत हवा भरली. मग बायकोजवळ बसून म्हणाली, "आजी, घाई नाही करायची. आधी गुडघा वाकवा. आता माझ्या गळ्यात हात टाका. बिनधास्त टाका, मला सवय आहे." आम्ही तिघांनी तिला अलगद उचलून नव्या गादीवर ठेवलं. उज्ज्वलाने डोक्याकडचा भाग थोडा वर घेतला, घोट्याखाली उशी सरकवली. बायकोने डोळे मिटले. "बाई गं," ती पुटपुटली, "किती दिवसांनी पाठ टेकली." आणि पाचव्या मिनिटाला ती झोपली. तोंड किंचित उघडं, लहान मुलीसारखी.

मला भरून आलं. मी उज्ज्वलाला म्हटलं, "पोरी, दत्तगुरूंनीच धाडलं तुला."

ती हसली. "काका, आमच्या घरात बुद्ध आहेत. आणि मला सरांनी धाडलंय." मग बेडच्या कठड्यावरून हात फिरवत हळूच म्हणाली, "माझी आई चार महिने होती यावर. नऊ दिवस झाले जाऊन. कार्डावर तिचं नाव आहे, तेवढं फाडू नका." पाणीसुद्धा अर्धाच ग्लास प्यायली आणि गेली.

मी तिच्या आईचं नाव बघायला कार्ड हातात घेतलं. ते होतंच, आणि त्याच्याखाली त्याच अक्षरात पुढचं नाव आधीच लिहिलेलं होतं. नलिनी साठे.

आमचं आडनाव साठे नाही. डी विंगमध्ये नुकतंच भाड्याने आलेलं एक साठे कुटुंब मात्र होतं. वॉचमनला साठे हे नाव नवं, आणि अख्ख्या सोसायटीत एकच पेशंट ठाऊक, म्हणून बेड आमच्या दारात आला. विनायक वाकला नव्हता. त्याला काही कळलंसुद्धा नव्हतं. माझ्या सौद्याला कुणी हो म्हटलं नव्हतं. मी खुर्चीत बसून राहिलो. समोर ती झोपलेली. नेहमी आवळलेली तिची मूठ सुटली होती. मनात आलं, कुणाला समजणार आहे? बेड आला, जोडला, रुग्ण आडवा झाला. नियम मीच केलेला. त्या नियमाने बेड आता आमचाच. आणि दोन इमारती पलीकडे एक म्हातारी अशीच ओठ दाबून दाराकडे डोळे लावून पडली असेल.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मी देवाला हाक मारली, पण या वेळी पुढे काही जोडता आलं नाही. ना उपास, ना नारळ, ना अट. फक्त म्हटलं, मला जमत नाहीये, तुम्हीच बघा. आणि सात वर्षांनी विनायकला फोन लावला.

"मी बोलतोय," एवढंच म्हटलं. मग मी सगळं सांगितलं. बेड चुकून आलाय, साठे आजींचा आहे, माझी बायको आत्ता त्यावर झोपली आहे. "तिला उठवतो आणि मी स्वतः नेऊन देतो," म्हणालो. आवाज चढला नाही. चढवायला छातीत बळच नव्हतं.

विनायक म्हणाला, "अरे गाढवा, वहिनी पडल्या आणि तू मला आज सांगतोस?" त्याचा आवाज फाटला. मग म्हणाला, "उठवू नकोस त्यांना. साठ्यांच्या मुलाचा दहा मिनिटांपूर्वीच फोन आला. आजींना श्वास लागला म्हणून सकाळी हॉस्पिटलात नेलं. आठवडाभर तरी येत नाहीत. मी डोकं धरून बसलो होतो, की बेड निघाला आणि घराला कुलूप."

फोन ठेवला आणि बायकोच्या अंगावरची चादर नीट केली.

तो आठवडा बायकोच्या पाठीला मिळाला. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, जखम कोरडी पडते आहे. दहाव्या दिवशी साठे आजींना घरी सोडणार असं कळलं, तेव्हा मी पाना घेऊन बेड सुटा करायला बसलो. तेवढ्यात विनायकचा फोन आला, "बोरिवलीहून दुसरा सुटलाय. तुझा राहू दे. खाली ये, टेम्पोत मी एकटाच आहे." तो बेड आम्ही दोघांनी डी विंगमध्ये नेला. संमेलनाचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. विचारणार होतो, सात वर्षं पाठ करून ठेवलेली वाक्यं होती. पण तो गुडघ्यावर बसून बोल्ट शोधत होता, आणि मी त्याच्या हातातून पाना घेतला. साठे आजी आडव्या झाल्या, म्हणाल्या, "मऊ आहे हो." मग आम्ही निघालो.

याला चमत्कार म्हणा असा माझा आग्रह नाही. वॉचमनची चूक म्हणणाऱ्याशी मी भांडणार नाही, आणि मी न भांडणं हे आमच्या घरी पुरेसं नवल आहे. उज्ज्वलाला मी कधीमधी फोन करतो. ती अजून म्हणते, काका, तुमच्या दत्ताचं तुम्ही बघा. मी एवढंच जाणतो की मी लावलेले सगळे भाव त्या दिवशी तसेच पडून राहिले, आणि जे मिळालं ते बोली न लावता मिळालं. बायको आता वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाते. गुरुवारी मी देवळात जातो, हात जोडतो आणि बोलायला काही सापडत नाही. सुरुवातीला त्या गप्प उभं राहण्याने अवघडल्यासारखं व्हायचं. आता तिथून पाय निघत नाही.